जास्तीचे दोन चॅनल

एकतीस वर्षं मी केर काढला. खुर्चीत बसून काढला, एम.एस्सी. फिजिक्सच्या जोरावर काढला, आणि मनापासून काढला. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून आकाशातलं काहीतरी निवडते." माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालातही कधी आलं नाही. खराडीला एका कंपनीत काम करणारी माझी मुलगी म्हणते, "आई, तू आयुष्यभर स्पॅम डिलीट केलास." तेही बरोबरच आहे.

पुण्याहून नाशिक रस्त्याने दोनेक तास गेलं की शेतांच्या मधोमध जाळीच्या प्रचंड तबकड्या उभ्या दिसतात. ती आमची दुर्बीण. दुर्बीण म्हटल्यावर पाहुणे डोळा कुठे लावायचा ते शोधतात. इथे डोळा लावायला जागा नाही, कारण या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी झेलतात, दिवसाही आणि रात्रीही. त्या लहरी इतक्या क्षीण असतात की तबकडीखाली कुणी मोबाईल चालू केला तर तो त्यांच्यापुढे लग्नातल्या बँडसारखा वाजतो. मोबाईलचे टॉवर, विमानं, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, टीव्हीचे बूस्टर, सगळ्यांची भेसळ होऊन डेटा आमच्या पुण्याच्या ऑफिसात येतो. त्यातलं आकाशाचं कुठलं आणि इथलं कुठलं ते ओळखायचं आणि इथलं ते कापायचं, हे माझं काम.

कापायचं म्हणजे पुसून टाकायचं नाही. मूळ नोंद कपाटात जशीच्या तशी राहते. आपण फक्त 'इथे बघू नका' अशी खूण करून ठेवतो. पण एकदा खूण केली की पुढचा माणूस खरोखरच तिथे बघत नाही. तो आपल्यावर विश्वास ठेवून पुढे जातो.

आता जरा धंद्यातली गोष्ट. रेडिओ लहरींचा जो पट्टा आम्ही ऐकतो, त्याच्या संगणक बारीक बारीक फोडी करतो. एक फोड म्हणजे एक चॅनल. टीव्हीवर मालिका लागते त्या चॅनलशी याचा संबंध नाही, हे मी एकतीस वर्षं प्रत्येक लग्नात कुणाला ना कुणाला समजावलं आहे. एखाद्या चॅनलमध्ये केर दिसला की तो चॅनल कापायचा. यात माझी स्वतःची एक पद्धत होती. केराचा चॅनल तर कापायचाच, शिवाय त्याच्या डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन जास्तीचे कापायचे. केर कडेने झिरपतो, उगाच धोका कशाला? ऑफिसातली मुलं त्याला 'मॅडमचा काठ' म्हणायची. मॅडमचा काठ लावलेला डेटा डोळे मिटून वापरावा, असं नव्या मुलांना सांगितलं जायचं, आणि ते माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने सांगितलं जायचं. मला ते फार आवडायचं. कुठल्या दिवशी काय कापलं हे मी वहीत लिहून ठेवायची. संगणकात ते असायचंच, पण माझा वहीवर जीव.

कधी कधी केराचा उगम शोधायला तबकड्यांकडे जावं लागे. एका वर्षी रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला एकाच जागी केर यायला लागला. जीपवर छोटी अँटेना बसवून आम्ही तीन महिने वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. जीप चालवायचे पोपटराव. ते तिथलेच, सगळ्या वाटा त्यांना पाठ. केर जवळ आल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा लांब जायचा. एकदा पोपटराव रजेवर गेले. बदली ड्रायव्हर नवखा होता, तो चुकून एका अरुंद गल्लीत शिरला आणि मीटरचा काटा टोकाला जाऊन बसला. आम्ही समोरचं दार वाजवलं. दार उघडलं पोपटरावांनी. आत टीव्हीच्या वर जुनापुराणा बूस्टर आणि समोर सगळं घर मालिका बघत बसलेलं. त्या गल्लीत जीप वळत नाही म्हणून त्यांनी आम्हाला तिकडे कधी नेलंच नव्हतं.

"मॅडम," पोपटराव म्हणाले, "म्हंजे आपन तीन म्हैनं मलाच हुडकत हुतो व्हय?"

त्यांच्या मंडळींनी आम्हाला चहा दिला. बूस्टर काढताना मालिकेचा शेवट बुडाला, त्याबद्दल मात्र त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

दर वर्षी एक दिवस आम्ही लोकांसाठी दारं उघडायचो. पुणेकरांना प्रश्न विचारायला मिळाले की ते उन्हातान्हात रांग लावतात. एकदा एक गृहस्थ सगळी पोस्टर्स चष्मा वरखाली करत वाचून माझ्यापुढे उभे राहिले.

"अहो, कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा सुटत नाही असं आपण लिहिलं आहे. मग आपण बघता काय?"

"जेवणारा दिसत नाही," मी म्हटलं, "त्याचं सांडलेलं दिसतं."

आणि मग मी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाला दीर्घिका म्हणतात. जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी एक अतिप्रचंड कृष्णविवर असतं. प्रचंड ते वजनाने. आकाराने म्हणाल तर दीर्घिका म्हणजे सगळा पुणे जिल्हा धरला, तर हे कृष्णविवर म्हणजे रव्याचा एक कण. त्याचं मुख्य खाणं म्हणजे वायू. पण वायू सरळ तोंडात पडत नाही. मोरीतलं पाणी जसं गरगरत जातं तसा तो भोवती फिरत राहतो, घासला जातो, भयंकर तापतो आणि झळाळतो. त्यातला थोडा आत जातो. थोडा दोन्ही बाजूंना फवाऱ्यांसारखा इतक्या जोरात बाहेर फेकला जातो की ते फवारे दीर्घिकेच्याही बाहेर पोचतात. रेडिओ दुर्बिणीला हे फवारे झकास दिसतात.

खरी गंमत पुढेच आहे. नवे तारे तयार व्हायला वायू थंड व्हावा लागतो. गरम वायूचे तारे होत नाहीत. हे फवारे आजूबाजूचा वायू तापवत राहतात, कधी हाकलूनही देतात, आणि मग त्या दीर्घिकेत नवे तारे जन्माला येणंच मंदावतं. म्हणजे रव्याच्या कणाने खाल्लं काय आणि टाकलं काय, त्यावर सगळ्या जिल्ह्याचं भवितव्य ठरतं. शिवाय वायू तापला की कृष्णविवराचं स्वतःचं जेवणही आटतं. मग ते उपाशी बसतं, वायू पुन्हा निवतो, पुन्हा पंगत सुरू होते.

गृहस्थांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आणि यात आपलं काम?"

"या सांडलवंडीतला केर काढणं."

"शिक्षण?"

"एम.एस्सी."

"असं, असं," ते म्हणाले आणि पुढच्या पोस्टरकडे वळले.

प्रज्ञा आमच्याकडे आली ती नेमकं हे जेवण बघायला. ती अकोल्याची. नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या तिच्या आजोबांनी घरात पहिलं फर्निचर केलं ते पुस्तकांचं कपाट, आणि तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या वडिलांनी ते भरलं. पीएच.डी.साठी तिने विषय घेतला तो असा: कृष्णविवरांचे फवारे सगळ्यांना दिसतात, पण आत पडणारा थंड वायू, म्हणजे घास तोंडात जाताना, फार क्वचित दिसतो. तो शोधायचा. थंड हायड्रोजनची एक ठरलेली खूण असते. मागे फवाऱ्याचा उजेड आणि पुढे थंड हायड्रोजन असला, की तो त्या उजेडातला एका ठरावीक जागचा थोडासा भाग खातो आणि आपल्या आलेखात तिथे बारीक खड्डा पडतो. तो खड्डा किती सरकलेला आहे त्यावरून वायू आत चाललाय की बाहेर ते कळतं.

चार वर्षं ती खड्डा शोधत होती. यादीतल्या दीर्घिका एकेक करून संपल्या. शेवटची एक राहिली होती. शिष्यवृत्ती संपायला काही महिने उरले होते आणि प्रबंधात लिहायला 'काही सापडलं नाही' एवढंच हाती होतं. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने होते. एका सकाळी ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, या दीर्घिकेचा कच्चा डेटा बघू का?"

"कच्चा कशाला? निवडलेला दिलाय ना?"

"तो बघितला. फार स्वच्छ आहे."

"स्वच्छ असणं हा दोष कधीपासून झाला?"

"दोष नाही हो मॅडम. पण आत पडणाऱ्या वायूचा खड्डा जिथे असायला पाहिजे, नेमका तिथेच तुमचा काठ आहे."

"तिथे केर आहे," मी म्हटलं. "वर्षानुवर्षं आहे. मी त्याला चेहऱ्याने ओळखते."

"बरं. मंग राहू द्या," ती म्हणाली आणि गेली.

मला राग आला. एकतीस वर्षांनंतर कालची मुलगी मला केर शिकवणार? दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन मी जुन्या वह्या काढल्या. हेतू उदात्त वगैरे नव्हता. तिच्या तोंडावर पुरावा फेकायचा होता. ती दीर्घिका पूर्वी दुसऱ्या कुणाकुणासाठी तीनदा बघितली गेली होती, प्रज्ञाला दिलेला डेटा तोच, आणि तिन्ही वेळा केर मीच काढला होता. पहिली नोंद मार्चातली: 'डावीकडे चार कापले. कडेला अजून थोडं होतं.' दुसरी जूनमधली: 'नेहमीप्रमाणे.' तिसरी सप्टेंबरातली: 'उजवीकडे चार. कडेला अजून थोडं.'

अक्षर माझंच होतं. पण माझा काठ दोनचा. मग चार का कापले?

हातातला चहा तसाच राहिला. कारण याचं उत्तर मला माहीत होतं, आणि दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मीच ते शिकवत होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. त्यामुळे वर्षातले काही महिने ती एखाद्या दीर्घिकेच्या दिशेने धावते आणि काही महिने तिच्यापासून लांब जाते. म्हणून आकाशातून आलेली खूण वर्षभरात आलेखावर किंचित इकडून तिकडे सरकते. इथला केर मात्र सरकत नाही, कारण तो आपल्याबरोबरच पृथ्वीवर बसून फिरत असतो. सरकतं ते आकाशाचं, बसून राहतं ते आपलं. मार्चात डावीकडे, जूनमध्ये केराच्या पोटात, सप्टेंबरात उजवीकडे. ते सरकत होतं आणि मी त्याच्या मागे मागे काठ वाढवत जाऊन त्याला कापत होते.

वही माझी, अक्षर माझं, कपाटाची किल्लीही माझ्याच पर्समध्ये. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, आणि दोन महिन्यांनी मी हारतुरे घेऊन घरी गेले असते. हा विचार मनात आला होता, म्हणून तो इथे लिहिते. कपभर थंडगार चहा संपेपर्यंत तो टिकला. मग मला प्रज्ञाची चार वर्षं आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. तिन्ही वह्या उचलून मी तिच्या खोलीत गेले.

"प्रज्ञा, तुझा खड्डा मी कापलाय. तीनदा."

तिने नोंदी वाचल्या. तारखा वाचल्या. पुन्हा पहिल्या नोंदीवर गेली. ती एरवी इतकं शुद्ध बोलायची की तिचं अकोला आम्ही विसरून जायचो. ते त्या दिवशी सगळ्या मजल्याने ऐकलं.

"काहून कापलं मॅडम! काहून कापलं!"

मी मान खाली घातली. तर बाईसाहेब हसत होत्या. "अहो, पण तुम्ही लिहिलं किती छान! 'कडेला अजून थोडं.' तुम्ही हे लिहिलं नसतं तर तो सरकतोय हे मला कसं कळलं असतं?" असं म्हणून तिने मला घट्ट मिठी मारली. तिच्या जागी मी असते तर मी असं वागले नसते, हे मला माहीत आहे.

कच्चा डेटा उघडला. मार्च आणि सप्टेंबरच्या डेटात खरंच काहीतरी होतं, पण इतकं पुसट की शपथ घेऊन सांगता येईना. आमचे विभागप्रमुख बापट सर. त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी नाकावरचा चष्मा काढून पुढे धरला.

"याहून मोठे खड्डे माझ्या काचेवर आहेत," ते म्हणाले.

पण माणूस न्यायी. स्वतःच्या वाट्याच्या निरीक्षणाच्या वेळातले सहा तास त्यांनी तोडून दिले, सकाळी नऊ ते दुपारी तीन, माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातले. एकच अट घातली. "त्या दिवशी तो कुठे दिसेल ते आत्ता सांगा. मागाहून सांगितलेलं भविष्य मी ऐकत नाही." प्रज्ञाने गणित करून आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारली. रेघ केराच्या डावीकडे दोन चॅनलवर आली, म्हणजे बरोबर माझ्या काठात. सरांनी खाली सही केली. खड्डा त्या रेघेवर पडला तर तो आकाशाचा आणि प्रबंध उभा. नाही पडला तर केर, आणि चार वर्षांचं उत्तर 'काही सापडलं नाही'.

आता नेमक्या त्या महिन्यात तबकड्यांजवळच्या रस्त्याला लोखंडी गेट आणि खिडक्या करणाऱ्या बबनरावांनी नवी शेड टाकली होती. वेल्डिंगचा केर सगळ्या पट्ट्यावर पसरतो. काठच काय, अख्खी साडी जाते. आदल्या दिवशी सकाळी मी, प्रज्ञा आणि पोपटराव जीप घेऊन बबनरावांकडे गेलो.

"किती येळ बंद ठिवायचं?" त्यांनी विचारलं.

"उद्या नऊ ते तीन."

"म्हंजे दिसच गेला की. गेट द्यायचंय मला. लग्नाचं घर हाय."

"परवा दिलं तर?"

"पन कशापायी?"

मी सांगितलं. वायू, कृष्णविवर, फवारे, जमेल तेवढं सगळं. बबनरावांनी काळा चष्मा कपाळावर सरकवून ऐकलं. "लांब हाय का ह्ये?"

"फार लांब."

"आन ते जेवतंय का न्हाई, तेवढंच बघायचं?"

"तेवढंच."

त्यांना ते काही पटलेलं दिसेना. मग त्यांचं लक्ष प्रज्ञाकडे गेलं. ती पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती.

"ह्या ताईंची परीक्षा हाय का?"

"परीक्षाच म्हना की," पोपटराव म्हणाले. "चार वर्साची."

"आवं मग आदी सांगायचं! परीक्षेच्या टायमाला आमी गावातला स्पीकर बंद ठिवतो, आन ह्ये तर वेल्डिंग हाय." त्यांनी तिथल्या तिथे लग्नघराला फोन लावला आणि बजावलं की गेट परवा मिळेल, उद्या पेपर आहे. कुणाचा ते काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सहा तास इतके शांत गेले की आकाश ऐकताना मला पहिल्यांदा कंटाळा आला. राहिला होता तो एकच जुना ओळखीचा केर, प्रज्ञाच्या रेघेच्या शेजारी ठाण मांडून बसलेला.

माझा शेवटचा दिवस शुक्रवार. तीन वाजता निरोप समारंभ. सकाळी दहाला प्रज्ञा आली ती पडलेल्या चेहऱ्याने. आता केर काढायला आपोआप चालणारा प्रोग्रॅम आहे. तो तिने चालवला होता, आणि खड्ड्याच्या जागी काहीच उरलं नव्हतं. प्रोग्रॅमने काठ कापला होता. कापणारच, कारण काही वर्षांपूर्वी त्याचे नियम मीच लिहून दिले होते. माझ्यामागे माझं नाव कोण चालवणार, अशी मला काळजी होती. ती त्या क्षणी मिटली.

"हा हातानेच निवडावा लागेल," ती म्हणाली. "तुम्ही निवडा."

"मी? माझा हात बघितलास ना?"

"म्हणूनच सांगते. केर नेमका कुठे संपतो, हे तुमच्याइतकं इथे कुणाला माहीत आहे?"

मी बसले. सहा तासांचा डेटा, एकेका तबकडीचा, मिनिटामिनिटाचा. केराचा चॅनल आला की बोट सवयीने डावीकडे जायचं आणि मी ते मागे घ्यायची. एकतीस वर्षं जिथे थोडं पुढे जाऊन थांबले होते, तिथे आता केर संपेल तिथेच थांबायचं होतं. केर गेला पाहिजे आणि शेजारचं राहिलं पाहिजे. सुरुवातीला एकेक फोड दोनदा बघावी लागत होती. तासाभराने नजर बसली आणि मग मला मजा यायला लागली. केराला धार असते, ती मी आजवर कधी बघितलीच नव्हती, कारण तिच्या पुढेच मी कात्री चालवून मोकळी होत होते. निवृत्तीच्या दिवशी मी माझं काम नव्याने शिकत होते आणि शाळकरी मुलीसारखी खूश होते.

एव्हाना बातमी पसरली होती. दारातून कुणी ना कुणी डोकावून जात होतं. अडीच वाजता मी शेवटची फोड तपासली आणि सगळं एकत्र करायची आज्ञा दिली. प्रज्ञाने पेन्सिलीची रेघ असलेला कागद पडद्याशेजारी धरला. तेवढ्यात बापट सर आम्हाला समारंभाला बोलवायला आले आणि आमच्या मागे उभे राहिले.

आलेख डावीकडून उमटत आला. सपाट, सपाट, आणि मग रेघेवर येऊन खाली गेला. बारीक, खोल, स्वच्छ खड्डा. पुढे पुन्हा वर आला आणि सपाट चालू लागला.

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि वाकून बघितलं. "हा माझ्या काचेवरचा नाही," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेली ही सर्वांत मोठी स्तुती.

आपल्या जन्माच्या कितीतरी आधी एका दीर्घिकेच्या पोटात वायूचा एक घास आत पडत होता, आणि तो आम्ही तिघं पौड रस्त्याच्या ट्रॅफिकच्या अलीकडे बसून बघत होतो. मला अतोनात आनंद झाला. माझ्या काठांमध्ये आणखी काय काय गेलं असेल, हेही त्याच वेळी मनात आलं. त्यासाठी मी आता आठवड्यातून दोन सकाळी जाऊन जुने काठ उसवते. बहुतेक ठिकाणी केरच निघतो. त्याने बरं वाटतं, आणि थोडी निराशाही होते.

प्रज्ञाने घरी फोन लावला आणि हातातला कागद न सोडता तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा, सापडलं!"

"काय सापडलं, माय?" पलीकडून शांत आवाज आला.

"कृष्णविवर जेवून राह्यलं, बाबा! त्याच्या आत वायू पडताना दिसला. चार वर्षं शोधत होते ना मी, तेच. जेवून राह्यलं थे!"

तिचे बाबा म्हणाले, "बरं झालं, माय. मंग तू जेवली का?"

तेव्हा ती रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली. शेवटी मीच फोनपाशी तोंड नेऊन सांगितलं, "नाही हो काका. पावणेतीन वाजले, सकाळपासून पोटात काही नाही तिच्या."

"जेव आधी," काका म्हणाले. "मंग सांग मले, थे कसं जेवते."

मी माझा डबा उघडला. पोळी आणि मेथीची भाजी होती, गार झालेली. प्रज्ञाने पहिला घास घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच, वायू भोवती कसा फिरतो इथपासून, अकोल्याला सगळं सांगायला सुरुवात केली. बापट सर स्टूल ओढून बसले आणि न विचारता त्यांनी एक पोळी उचलली. हॉलमधून दोनदा बोलावणं आलं. सरांनी पहिल्याला खुणेनेच परत पाठवलं आणि दुसऱ्याला सांगितलं, "जरा थांबा म्हणावं. मॅडमची इथे पंगत चालू आहे."